मुसाफिराची सवलत आणि चालकाची झोप



लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाशी शरीअत अधिक मृदू स्वरात बोलते. घरी असताना दिवसभरातील पाच नमाजांत आपल्यावर १७ फर्ज रकअती असतात. प्रवासात जुहर, असर आणि इशा यांच्या चारऐवजी दोन रकअती होतात. फजर आणि मगरिब तशाच राहतात. म्हणजे एकूण ११. दिवसाकाठी सहा रकअतींचा भार अल्लाहने मुसाफिराच्या शिरावरून उतरवला आहे. रमजानचा महिना असेल तर रोजा पुढे पूर्ण करण्याचीही मुभा आहे. सुमारे ऐंशी किलोमीटरपलीकडे निघालेला माणूस आपल्या वस्तीची सीमा ओलांडतो, त्या क्षणापासून ही सवलत त्याला लागू होते. हनफी मताप्रमाणे अशी संक्षिप्त नमाज, म्हणजे कस्र, आवश्यकच आहे. शाफिई मताप्रमाणे ती अनुमत असून जुहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र अदा करण्याचीही परवानगी आहे. मतभेद तपशिलाचा आहे. प्रवासी माणूस थकतो आणि त्याच्या थकव्याची दखल घेतली जाते, याविषयी कोणाचेही दुमत नाही.

कुरआनच्या सूरह निसामध्ये कस्रचा उल्लेख शत्रूच्या भयाच्या संदर्भात आला आहे. पुढे शांतता नांदू लागल्यावर ही सवलत उरते का, असा प्रश्न हजरत उमर (रजि.) यांच्या मनात आला आणि त्यांनी तो प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारला. उत्तराचा आशय असा होता की, हा अल्लाहने तुम्हांला दिलेला सदका आहे, त्याचा स्वीकार करा. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे. सदका हा शब्द येथे विचार करण्यासारखा आहे. सदका गरजवंताला दिला जातो. म्हणजे आपण कस्र नमाजसाठी हात बांधतो तेव्हा आपली दुर्बलता मान्य करतो आणि तिच्यावर झालेली कृपा स्वीकारतो.

माझा प्रश्न येथून सुरू होतो. अल्लाहने ज्या थकव्यासाठी आपल्याला सूट दिली, तोच थकवा आपल्या शेजारी बसलेल्या दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांत दाटलेला असेल, तर आपण त्याला काय देतो? मी गाडीच्या चालकाविषयी बोलतो आहे.

हा प्रश्न मला ग्रंथ वाचताना सुचला असता तर बरे झाले असते. तो मला रस्त्यावर पडला, आणि त्यात दोष माझाच होता. म्हणून तो प्रसंग सांगणे भाग आहे.

रत्नागिरीहून मुंब्र्याला एका निकाहसाठी आम्ही चौदा जण भाड्याच्या ट्रॅव्हलर गाडीने निघालो होतो. पहाटे साडेतीनला निघायचे, दुपारी निकाह व जेवण आटोपायचे आणि त्याच रात्री परतायचे, असा बेत. मुक्काम केला तर सर्वांची सोय करावी लागली असती आणि गाडीचे भाडेही दुप्पट झाले असते. वडीलधाऱ्यांनी प्रवासाची व्यवस्था माझ्याकडे सोपवली होती. तिघे प्रवासाला निघाले तरी त्यांनी आपल्यातील एकाला अमीर करावे, अशी प्रेषितांची शिकवण आहे. त्या अर्थाने त्या दिवशीचा अमीर मीच होतो.

फजर खेडच्या पुढे एका मशिदीत झाली. पोलादपूरला चहा, कोलाडला नाश्ता, वडखळला पुन्हा थोडे थांबणे. मुंब्र्यात निकाहनंतर आम्ही प्रवासी मंडळींनी सभागृहाच्या एका कोपऱ्यात जुहर आणि असर एकत्र अदा केली, दोन-दोन रकअती. साडेचारला परत निघालो. पनवेलपर्यंत वाहतुकीची कोंडी, पेणच्या पुढे खड्डे, आणि महाडला पोहोचेपर्यंत साडेनऊ वाजले. तेथे मगरिब आणि इशा झाली. सलाम फेरल्यावर मी मंडळींना प्रवासातील सवलतींवर चार शब्दही ऐकवले. अल्लाह आपल्या दासांवर किती मेहरबान आहे, हा त्याचा आशय. बाहेर आल्यावर मी चालकाला म्हणालो, “दादा, आता मध्ये कुठे थांबायला नको. मला फजरला मशिदीत उभे राहायचे आहे.” तो म्हणाला, “चालेल, मौलाना.”

कशेडी मागे पडले, परशुराम घाट उतरलो, चिपळूण गेले. गाडीत सर्व झोपले होते, मीही. सावर्ड्याच्या अलीकडे गाडीची डावी चाके डांबर सोडून खडीवर गेली. त्या आवाजाने चालक जागा झाला आणि त्याने गाडी सावरली. पुढे वीस पावलांवर मोरीचा कठडा होता. कोणालाही ओरखडा उमटला नाही, अलहम्दुलिल्लाह. एका बंद टपरीसमोर गाडी थांबली. तो खाली उतरला, तोंडावर पाणी मारले आणि माझ्यासमोर येऊन म्हणाला, “माफ करा, मौलाना.”

मी त्याला विचारले, शेवटचा झोपला कधी होतास? हा प्रश्न मी त्या क्षणी प्रथमच विचारत होतो. आदल्या दिवशी तो दुसरे भाडे घेऊन कोल्हापूरला गेला होता. घरी परतायला रात्रीचे बारा वाजले. अडीचला उठून तो आमच्या दारात उभा राहिला. म्हणजे दोन दिवसांत त्याची झोप अडीच तासांचीही भरली नव्हती.

वाचकहो, मी मनातल्या मनात स्वतःचा बचाव केला, तो तुम्हीही केला असता. आपण काही सलग चाललो नव्हतो, ठिकठिकाणी थांबलो होतो, असे मी स्वतःला सांगितले. मग एकेक थांबा आठवून पाहिला. फजरच्या वेळी आम्ही मशिदीत होतो तेव्हा तो गाडीची समोरची काच पुसत होता. पोलादपूरला तो टपावरचे सामान पुन्हा बांधत होता. कोलाडला एका मुलाला उलटी झाली, ती धुतली त्याने. मुंब्र्यात आम्ही जेवत होतो तेव्हा तो गाडी लावायला जागा शोधत फिरत होता, आणि आम्ही नमाजला उभे राहिलो तेव्हा घाईघाईने जेवत होता. महाडला तो टायरमधील हवा तपासत होता. थांबे पुष्कळ होते, पण ते सर्व आमचे होते. त्याच्या वाट्याला त्यांतील एकही आला नव्हता.

म्हणूनच गाडी किती वेळा थांबली, हा प्रश्न अपुरा आहे. ती कोणासाठी थांबली, हे विचारायला हवे.

आता आपल्या दीनकडे वळू. प्रवास हा यातनेचा एक तुकडा आहे, तो माणसाला झोप, अन्न आणि पाणी यांपासून वंचित ठेवतो, या आशयाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. त्या यादीत झोपेचाही उल्लेख आहे. आपण प्रवासात चालकाला जेवण देतो, पाण्याची बाटली देतो; तिसरी गोष्ट मात्र विसरतो, कारण ती विकत आणून हातात ठेवता येत नाही. ती देण्यासाठी आपला वेळ खर्चावा लागतो.

दुसरी एक हदीस वाहनाविषयी आहे. हिरव्यागार प्रदेशातून जाताना उंटांना जमिनीतील त्यांचा हिस्सा द्या, म्हणजे त्यांना चरू द्या. आणि रात्री मुक्काम कराल तेव्हा वाटेपासून बाजूला करा, अशी त्यात सूचना आहे. चालताना जनावराचा हक्क आणि थांबताना वाटेचा हक्क, दोन्ही एकाच उपदेशात आले. ज्याला बोलता येत नाही त्या उंटाचाही प्रवासात हक्क असेल, तर बोलता येत असूनही जो बोलू शकत नाही, त्याचा किती असेल?

आणि झोपेविषयी तर आपल्यासमोर साक्षात प्रेषितांच्या प्रवासातील प्रसंग आहेत. खैबरहून परतताना काफिला रात्रभर चालत होता. प्रेषितांना (स.) झोप अनावर होऊ लागली, तेव्हा त्यांनी मुक्काम केला आणि फजरसाठी जागे राहण्याचे काम हजरत बिलाल (रजि.) यांच्यावर सोपवले. बिलाल नमाज पढत जागे राहिले. पहाट जवळ आल्यावर पूर्वेकडे तोंड करून ते आपल्या उंटाला टेकले, आणि त्यांचाही डोळा लागला. सूर्याच्या उन्हाने सर्वांना जाग आली. विचारणा झाल्यावर बिलाल यांनी नम्रपणे सांगितले की, जिने आपल्याला गाठले तिनेच मलाही गाठले. त्यांची सबब स्वीकारली गेली. बिलाल यांच्या ईमानविषयी कोणाला शंका आहे काय? तापलेल्या वाळूवर ज्यांनी अल्लाहचे एकत्व सोडले नाही, त्यांचा निश्चय दुबळा होता काय? तरीही झोपेने त्यांच्यावर मात केली. झोप ही निश्चयाची परीक्षा नाही. ती शरीराची मर्यादा आहे आणि ती अल्लाहनेच आखली आहे. जो चालक ‘मला झोप येत नाही, सवय आहे’ असे सांगतो, तो बिलाल यांच्याहून समर्थ असल्याचे सांगत असतो, आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो, कारण तो विश्वास आपल्या सोयीचा असतो.

प्रवासातील आणखी एका रात्रीचा प्रसंग हजरत अबू कतादा (रजि.) यांनी सांगितला आहे. प्रेषित (स.) वाहनावर पेंगू लागले आणि एका बाजूला कलले. अबू कतादा शेजारून चालत होते. त्यांनी न उठवता हळूच आधार दिला. असे तीन वेळा झाले. तिसऱ्या वेळी प्रेषितांनी मान वर करून कोण आहे म्हणून विचारले, कधीपासून असा सोबत आहेस तेही विचारले, त्यांच्यासाठी दुआ केली आणि मग वाट सोडून मुक्काम केला. उंट आपल्या पावलांनी सरळ चालत राहतो. आपली गाडी तसे करीत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने ती एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते; तीन सेकंदांची डुलकी म्हणजे डोळे मिटून कापलेले ६६ मीटर. उंटावरच्या डुलकीला शेजारचा हात पुरला. येथे तसा हात पोहोचेपर्यंत सर्व संपलेले असू शकते. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील प्रत्येकजण कुठेतरी पोहोचायला निघाला होता.

यावर दोन आक्षेप येतात. दोन्ही गंभीरपणे घेण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप व्यवहाराचा. चालकाने भाडे स्वतः स्वीकारले, दर मान्य केला, ‘चालेल’ असे स्वतःच्या तोंडाने सांगितले. संमतीने झालेल्या करारात अन्याय कसला? कुरआनने व्यवहारासाठी परस्परसंमतीची अट घातली आहे, हे खरे. पण त्या संमतीत काय भरलेले असते ते पाहा. गाडी बहुधा दुसऱ्याची असते किंवा कर्जावर घेतलेली असते. झोप येते म्हणून थांबणाऱ्या चालकाला पुढच्या वेळी बोलावणे येत नाही. ‘चालेल’ म्हणताना तो आपल्या शरीराविषयी काही सांगत नसतो. आपल्या चुलीविषयी सांगत असतो. ते शब्द त्याच्या थकव्याचा पुरावा म्हणून वापरणे प्रामाणिकपणाचे नाही. शिवाय आपल्या सेवेतील माणसावर शक्तीपलीकडचा भार टाकू नका, आणि टाकलाच तर स्वतः हातभार लावा, ही प्रेषितांची आज्ञा संमतीवर अवलंबून ठेवलेली नाही. मागच्या बाकावर झोपलेली मुले आणि समोरून सायकलवर येणारा कामगार, यांची संमती तर कोणीच घेतलेली नसते. देशाच्या कायद्यानेही १९६१ सालीच मोटार वाहतूक कामगारांसाठी दिवसाचे आठ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती हे मान ठरवले होते. ज्यांच्यापुढे सहा रकअतींच्या सवलतीचा आदर्श आहे, त्यांनी कायद्याच्याही मागे राहावे हे शोभत नाही.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा वेश घेऊन येतो. प्रवासाची दुआ पढली आहे, मृत्यूची वेळ ठरलेली आहे, मग एवढी चिंता कशाला? ती दुआ काय सांगते ते आठवा. हे वाहन ज्याने आमच्या स्वाधीन केले त्या अल्लाहचे पावित्र्य त्यात आपण वर्णितो, आम्ही स्वतःच्या बळावर त्याला वश करू शकलो नसतो अशी कबुली देतो आणि आम्हांला परत आमच्या पालनकर्त्याकडेच जायचे आहे याची आठवण ठेवतो. ज्या दुआत आपल्या असमर्थतेची कबुली आहे, ती दुआ पढून दुसऱ्या माणसाकडून अमर्याद सामर्थ्याची अपेक्षा करणे म्हणजे तिचा अर्थ उलटा करणे होय. हजरत उमर (रजि.) सीरियाकडे निघाले असता सर्ग या ठिकाणी पुढे साथ पसरल्याचे कळले आणि ते परत फिरले. अल्लाहने ठरवलेल्यापासून पळता का, असे विचारले गेले तेव्हा, अल्लाहने ठरवलेल्या एका गोष्टीकडून त्यानेच ठरवलेल्या दुसऱ्या गोष्टीकडे जातो, असे त्यांनी उत्तर दिले. एका तासाची झोप घेणे हेही त्या दुसऱ्या गोष्टींपैकीच आहे.

याहून खोल प्रश्न जबाबदारीचा आहे. हदीसनुसार झोपलेल्या माणसावरून, तो जागा होईपर्यंत, कर्मे लिहिणारी लेखणी उचललेली असते. झोपेत घडलेल्या नुकसानीची भरपाई विधिशास्त्रानुसार उरते, पण पापाचा हिशोब त्या क्षणाचा नसतो. मग असा अपघात कोणाच्या खात्यावर लिहिला जाईल? लेखणी मागे जाते, झोपेच्या आधीच्या जागेपणाकडे. त्या वेळी जो जो जागा होता, ज्याला ठाऊक होते किंवा एक प्रश्न विचारून ठाऊक करून घेता आले असते, त्याच्याकडे. चालक त्यांत आहे, गाडीचा मालक आहे, आणि अमीर म्हणून मिरवणारा मीही आहे. त्या रात्री तो माझी माफी मागत होता. हिशोबाने पाहिले तर मागायला मी हवी होती. मी ती मागितली, परंतु मोरीच्या कठड्याच्या वीस पावले अलीकडे येऊन.

सूरह निसामध्येच, अल्लाहच्या भक्तीच्या आज्ञेपाठोपाठ, ज्यांच्याशी भले वागायचे त्यांची यादी आली आहे. आई-वडील, आप्त, अनाथ, गरीब, शेजारी यांच्यानंतर तेथे ‘अस्साहिबु बिल-जम्ब’, म्हणजे बाजूचा सोबती, असा शब्द आहे. भाष्यकारांनी त्यात प्रवासातील सोबत्याचा समावेश केला आहे. त्याचा धर्म कोणता, याची अट तेथे नाही. त्या रात्रीचा आमचा चालक मुस्लिम नव्हता. आम्ही नमाज पढताना तो बाहेर उभा राहून आमच्या चपला राखत होता. इस्लामविषयी तो जे काही शिकेल ते माझ्या प्रवचनातून नव्हे. त्याला मिळालेल्या किंवा न मिळालेल्या झोपेतून शिकेल.

मग करायचे काय? गाडी ठरवताना दराच्या आधी विचारा की, आदल्या रात्री झोप होईल ना? एका दिवसात जाऊन येण्याचा प्रवास सहाशे किलोमीटरचा असेल, तर दुसरा चालक घ्या किंवा मुक्काम करा आणि तो खर्च निकाहच्या खर्चात पहिल्यांदा धरा. मंडपाच्या झुंबरांतून तो सहज निघतो. जेथे पोहोचाल तेथे चालकासाठी पंखा आणि गादी असलेली खोली आधी मागा, मग पाहुण्यांची सोय. नमाजसाठी थांबाल तेव्हा आपल्यातील दोन तरुणांना सामान व काच यांचे काम द्या आणि त्याला अर्धा तास आडवे होऊ द्या. रात्री त्याच्या शेजारच्या आसनावर अबू कतादा यांच्यासारखा एकजण जागा असू द्या. आणि तो पेंगताना दिसला तर रस्ता सोडून, सुरक्षित जागी, गाडी थांबवा.

एका रोजाच्या दिवसाची गोष्ट हजरत अनस (रजि.) यांनी सांगितली आहे. कडक उन्हातील मुक्कामात रोजा ठेवलेले लोक गळून पडले. ज्यांनी सवलत घेऊन रोजा ठेवला नव्हता, त्यांनी तंबू उभारले आणि जनावरांना पाणी पाजले. आज सर्व पुण्य रोजा न ठेवणाऱ्यांनी नेले, या आशयाचे उद्गार प्रेषितांनी काढले. सवलतीमुळे उरलेली शक्ती त्यांनी सोबत्यांसाठी आणि जनावरांसाठी खर्चली होती. सहा रकअतींमुळे आपल्याला मिळालेली दहा-पंधरा मिनिटे मी त्या दिवशी घाईत घातली. ती त्या माणसाच्या मिटू पाहणाऱ्या डोळ्यांची होती.

त्या रात्री तो टपरीच्या बाकावर दीड तास झोपला. आम्ही चौदा जण अंधारात, कोणी उभे, कोणी दगडावर बसलेले, न बोलता वाट पाहत होतो. रत्नागिरीला पोहोचायला अडीच वाजले आणि फजरला मी मशिदीत उभा राहिलो. ज्या दीड तासासाठी मी त्याला थांबू दिले नव्हते, तो देऊनही मला उशीर झाला नाही.

अल्लाह आपल्याला त्याच्या सवलती कृतज्ञतेने घेण्याची आणि त्याच्या दासांना तशाच उदारपणे देण्याची बुद्धी देवो. रस्त्यावर असलेल्या प्रत्येक मुसाफिराला, आणि त्याला नेणाऱ्या प्रत्येक हाताला, तो सुखरूप घरी पोहोचवो. आमीन.